त्रयस्थ पडताळणी सेवा: आकड्यांना पाचपैकी चार, माणसांना दीड

कंपनीच्या शाश्वतता अहवालाची (पर्यावरण आणि माणसं यांबद्दल कंपनी दरवर्षी जो काढते त्याची) बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी करून घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर आधीच देऊन टाकते. घ्या. पण अहवालाच्या शेवटी छापायला एक पत्र मिळतं म्हणून घेऊ नका. पत्र देण्याआधी ती माणसं जो पिच्छा पुरवतात, खरे पैसे त्याचे आहेत. आणि त्या पिच्छ्यातून कामगारांचा विषय जवळजवळ सहीसलामत सुटतो, याचीही तयारी ठेवा.

मी धातूचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत अंतर्गत लेखापरीक्षण बघते. पर्यावरण हा काही माझा विषय नव्हे. पण मोठ्या ग्राहकांनी पुरवठादारांकडून कार्बनचे आकडे मागायला सुरुवात केली. आमचं उत्सर्जन त्यांच्या हिशेबात ‘स्कोप ३’मध्ये, म्हणजे पुरवठादारांसारख्या इतरांकडे होणाऱ्या उत्सर्जनात पडतं, त्यामुळे त्यांच्या अहवालाला आमचा कागद लागतो. पुढे त्यांनी कळवलं की नुसते आकडे चालणार नाहीत, तपासलेले हवेत. तपासणी म्हटल्यावर फाइल फिरत फिरत माझ्या टेबलावर आली. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते एका संस्थेपुरतं नाही. या धंद्यातल्या इतरांशी बोलले तेव्हा बहुतेकांची कहाणी हीच निघाली.

विकत नेमकं काय मिळतं, ते आधी समजून घ्या, कारण प्रस्ताव वाचताना सगळे इथेच चकतात. हमीच्या पातळ्या दोन. लिमिटेड ॲश्युरन्समध्ये तपासनीस शेवटी एवढंच म्हणतो की माहितीत मोठी चूक आहे असं वाटावं, असं काही आमच्या नजरेस आलं नाही. रिझनेबल ॲश्युरन्समध्ये तो छातीठोकपणे सांगतो की आमच्या मते माहिती सर्व महत्त्वाच्या बाबतींत ठरलेल्या निकषांप्रमाणे तयार केलेली आहे. दोन्ही वाक्यं वाचताना वकिली वाटतात, पण त्यांच्यामागचं काम फार वेगळं असतं. पहिल्यात प्रश्न विचारायचे, कल दिसतो का ते बघायचं, थोडे नमुने उघडायचे. दुसऱ्यात आकडा जन्मला तिथपर्यंत मागे जायचं आणि वाटेतल्या प्रत्येक नोंदीवर कुणाचा ताबा आहे ते तपासायचं. बाजारात विकली जाते ती बहुतांशी पहिली पातळी, आणि जाहिरातीत मात्र दोन्हींसाठी ‘त्रयस्थ संस्थेने प्रमाणित’ हेच शब्द वापरले जातात. आम्ही इंधन आणि विजेच्या उत्सर्जनासाठी रिझनेबल घेतली, बाकी सगळ्यासाठी लिमिटेड. हा भेद पुढे फार महागात पडला, तो ओघात येईलच.

कोणत्या मानकाखाली, म्हणजे तपासणीच्या कोणत्या नियमावलीखाली काम करणार, तेही विचारा. आमच्याकडे आयएसएई ३००० आणि हरितगृह वायूंसाठी ३४१० होतं. काही जण एए१००० वापरतात, काही आयएसओ १४०६४चा तिसरा भाग. शाश्वतता अहवालांसाठीच म्हणून लिहिलेलं आयएसएसए ५००० हे मानक नोव्हेंबर २०२४मध्ये आलं. १५ डिसेंबर २०२६ला किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या कालावधीसाठी ते लागू होईल. प्रस्तावात मानकाचं नावच नसेल तर तो कागद बाजूला ठेवा.

आता चार गुण कशाचे, ते सांगते.

त्यांची तरुण इंजिनिअर आली ती थेट स्टोअरमध्ये गेली. डिझेलचं रजिस्टर आम्ही टेबलावर मांडूनच ठेवलं होतं. तिने ते बाजूला सारलं आणि चिलर व एसीच्या गॅसची बिलं मागितली. स्कोप १, म्हणजे कंपनीचं स्वतःचं थेट उत्सर्जन, हे फक्त भट्टीचं इंधन, जनसेटचं डिझेल आणि कंपनीच्या गाड्या असं सगळे धरून चालतात. चिलरमधून गळणारा गॅस कुणाच्या डोक्यात येत नाही. आर-४१०ए या गॅसचा एक किलो हवेत गेला की त्याचा तापमानावरचा परिणाम सुमारे दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतका असतो. एक लिटर डिझेल जाळल्यावर साधारण २.७ किलो निघतो. म्हणजे मेंटेनन्सने वर्षभरात दहा किलोचा एक सिलिंडर ‘टॉप-अप’ म्हणून भरला असेल, तर तेवढ्याने सात हजार लिटर डिझेलचा धूर हिशेबात यायला हवा. आमच्याकडे ही बिलं दुरुस्ती-देखभालीच्या खात्यात व्यवस्थित पडलेली होती. खर्च नोंदलेला, जीएसटीसकट. उत्सर्जनाची नोंद शून्य. पर्यावरण विभाग लेजर बघत नाही आणि हिशेब विभागाला गॅसचं रसायन माहीत नसतं, त्यामुळे ही रक्कम दोघांच्या मधून वर्षानुवर्षं आरामात वाहून गेली असती.

तिची दुसरी सवय मला मनापासून आवडली. मीटरचा फोटो दाखवला की ती म्हणायची, मीटर दाखवा. वीजबिल महिन्याच्या मध्यापासून पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंतचं असतं आणि अहवाल आर्थिक वर्षाचा, तर टोकाचे दिवस कुणी, कसे वाटले? भाड्याच्या गोदामातला जनसेट कुणाच्या ताब्यात? डिझेल आपण भरतो की घरमालक? ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या नियमावलीत हद्द ठरवण्याचे जे नियम आहेत, त्यांतला ‘ऑपरेशनल कंट्रोल’चा (जे आपण चालवतो ते आपल्या हिशेबात) नियम आम्ही निवडला आहे असं अहवालात छापलेलं होतं. गोदाम चालवत होतो आम्ही, आणि जनसेट यादीत नव्हता. तो यादीत आला.

पण पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते आधारवर्षाच्या, म्हणजे ज्या वर्षाशी तुलना करून घट मोजतात त्या वर्षाच्या भांडणात. हा भाग थोडा सविस्तर सांगते, कारण इतर कंपन्यांचे अहवाल वाचतानाही तो उपयोगी पडेल.

आमच्या मार्केटिंगने अहवालाचं एक अख्खं पान आधीच सजवलं होतं: आधारवर्षाच्या तुलनेत उत्सर्जनात १८ टक्के घट. हिरवा बाण, खाली उतरणारा. संस्थेच्या ज्येष्ठ तपासनीसांनी पान पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला: कोणती भट्टी बंद झाली? बंद झाली होती ती हीट ट्रीटमेंटची, कारण ते काम आम्ही बाहेर जॉबवर्कला द्यायला लागलो होतो. भाग तेच, तापमान तेच, गॅस जळायचा तोही जळतच होता, फक्त आता तो दुसऱ्याच्या शेडमध्ये जळत होता. ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल याबाबत गोंधळ ठेवत नाही. काम बाहेर दिल्यामुळे आकड्यात मोठा फरक पडत असेल तर आधारवर्षाचा आकडा पुन्हा मांडायचा, किंवा बाहेर गेलेलं ते उत्सर्जन स्कोप ३मध्ये दाखवायचं. दोन्ही टाळून घट दाखवता येत नाही.

आमच्या बाजूने जे जे युक्तिवाद झाले ते सगळे मी ऐकले. ‘आधारवर्ष एकदा ठरलं की ठरलं.’ ‘इतर कंपन्या असंच करतात.’ ‘ग्राहकाला १८ टक्के आधीच सांगून झालंय.’ तपासनीस शांतपणे म्हणाले, मग या पानाचा उल्लेख आमच्या पत्रात येणार नाही, आणि का येणार नाही ते येईल. आधारवर्ष सुधारलं. घट पाच टक्क्यांवर आली, आणि ती पाच टक्के खरी होती: कॉम्प्रेस्ड हवेच्या लाइनमधल्या गळती बुजवल्याची. हेच मी अंतर्गत अहवालात लिहिलं असतं तर ‘नोंद घेतली’ एवढा शेरा मिळाला असता. बाहेरच्या माणसाची सही अडकते तेव्हा खुर्च्या हलतात. त्या अडकलेल्या सहीचे मी पूर्ण गुण देते.

चारच्या वर का नाही? विजेमुळे. स्कोप २, म्हणजे विकत घेतलेल्या विजेचं उत्सर्जन, दोन पद्धतींनी मोजतात, आणि ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलच्या २०१५च्या मार्गदर्शिकेनुसार जिथे दोन्ही शक्य आहेत तिथे दोन्ही दाखवायच्या असतात. एक, तुमच्या ग्रिडवरच्या विजेचं सरासरी उत्सर्जन. दोन, तुम्ही कोणत्या करारांनी आणि प्रमाणपत्रांनी वीज विकत घेतली त्याप्रमाणे. आम्ही अक्षय ऊर्जेची प्रमाणपत्रं घेतली होती, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीत जवळजवळ शून्य आलं. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर ते शून्य हाताच्या पंजाएवढं छापलं गेलं आणि ग्रिडचा आकडा परिशिष्टातल्या तक्त्यात गेला. रात्रपाळीला भट्ट्या ज्या विजेवर चालतात, ती कुठून येते यात प्रमाणपत्रांनी काडीचा फरक पडलेला नाही. तपासनीसांनी दोन्ही आकडे तपासले, दोन्ही बरोबर निघाले, आणि मांडणीबद्दल ते काही बोलले नाहीत. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबरच आहे. मी मात्र एक गुण कापला.

आता दीड गुणाकडे.

अपघातांचा दर काढायची रीत सोपी आहे. कामाचा दिवस बुडवणाऱ्या जखमा भागिले एकूण कामाचे तास, गुणिले दहा लाख. (काही कंपन्या दोन लाखांनी गुणतात, म्हणजे ढोबळमानाने शंभर माणसांचं वर्षभराचं काम. दोन कंपन्यांचे दर शेजारी ठेवण्याआधी हा गुणक बघा, नाहीतर तेच अपघात पाचपट कमी दिसतील.) आमच्या तक्त्यात छेदात कंत्राटी कामगारांचे तास धरले होते, कारण गेटवर त्यांचंही कार्ड पंच होतं. अंशात त्यांच्या जखमा नव्हत्या, कारण त्या ठेकेदाराच्या रजिस्टरात. छेद फुगलेला, अंश आक्रसलेला, दर देखणा. जीआरआय या शाश्वतता अहवालांची मानकं काढणाऱ्या संस्थेचं ४०३ क्रमांकाचं मानक स्पष्ट सांगतं की तुमचे कर्मचारी आणि तुमच्या नियंत्रणाखाली काम करणारे इतर, दोघांचेही आकडे द्या. सामाजिक भाग बघायला आलेल्या तपासनीसाने आमचं रजिस्टर आणि अहवालातला तक्ता जुळवला. जुळला. त्याने टिक केली. ठेकेदाराचं रजिस्टर मी मागवून त्याच्यासमोर ठेवलं तेव्हा तक्ता बदलला. तो माणूस आळशी होता असं नाही. लिमिटेड ॲश्युरन्सच्या कार्यक्रमात ती पायरीच नव्हती.

‘लाइट ड्युटी’ हा प्रकार तर तपासणीच्या वाऱ्यालाही लागला नाही. हाताला टाके पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी सुपरवायझरच्या टेबलाशेजारी खुर्चीवर बसून हजेरी लावतो. दिवस बुडाला नाही, म्हणून अपघात मोजला गेला नाही. हे पकडायला प्रथमोपचाराच्या खोलीतली वही आणि मस्टर शेजारी ठेवून अर्धा दिवस बसावं लागतं. त्या वह्या कुणी मागितल्या नाहीत.

मग मुलाखती. कामगारांची नावं मनुष्यबळ विभागाने काढून दिली. जागा कॉन्फरन्स रूम, आणि काचेच्या दाराबाहेर आमचाच एक अधिकारी फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. ओव्हरटाइम मर्जीने करता का? हो. तक्रारपेटी माहीत आहे का? हो. कधी तक्रार केलीत का? नाही, साहेब, तक्रारच नाही. तक्रारींची संख्या शून्य, हा आकडा ‘तपासलेला’ म्हणून छापला गेला. गॅसच्या बिलांचे महिने तपासनीसांनी स्वतः निवडले होते. कोणते महिने दाखवायचे ते आम्ही ठरवतो असं कुणी म्हटलं असतं, तर त्यांनी बॅगा उचलल्या असत्या. माणसं मात्र आम्ही निवडून दिली आणि ती त्यांनी मुकाट्याने घेतली. एकाच संस्थेची, एकाच आठवड्यातली ही दोन मापं आहेत. माझी मूळ तक्रार हीच.

ही आमच्यासारख्या एखाद्या कंपनीपुरती कुरकुर वाटत असेल, तर सामाजिक तपासण्यांचा इतिहास बघा. सप्टेंबर २०१२मध्ये कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मेले. त्या कारखान्याला काही आठवडे आधीच एसए८००० हे कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं प्रमाणपत्र मिळालेलं होतं, आणि एसए८०००मध्ये आरोग्य-सुरक्षितता हा विषय पहिल्यापासून आहे. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, अकराशेहून अधिक माणसं गेली. त्या इमारतीतल्या काही कारखान्यांची सामाजिक तपासणी झालेली होती. इमारतीची मजबुती त्या तपासणीच्या कक्षेत येत नव्हती, असं नंतर सांगण्यात आलं. कक्षेत येत नव्हती! ‘कक्षा’ या शीर्षकाखालचा मजकूर मी तेव्हापासून दोनदा वाचते.

लिमिटेड ॲश्युरन्सखाली जे आकडे सर्वात सुरेख जुळले, ते मोजायला सर्वात सोपे होते. प्रत्येक कर्मचाऱ्यामागे प्रशिक्षणाचे तास: हजेरीपत्रकावरच्या सह्या मोजल्या, जुळल्या. प्रशिक्षणानंतर मशीनच्या गार्डची जाळी काढून काम करणं थांबलं का, हा रकाना कुठेच नाही. सामाजिक उपक्रमांचे लाभार्थी: शिबिरात आलेली डोकी मोजली, जुळली. झाडं: लावलेली मोजली. जगलेली मोजायची तर तीन वर्षांनी परत जावं लागेल, आणि अहवाल दरवर्षी काढायचा असतो.

मध्येच एक फाटा. आमच्या संचालकांना पडताळणीपेक्षा मानांकन, म्हणजे बाहेरच्या संस्थेने शाश्वततेसाठी कंपनीला दिलेले गुण, जास्त प्रिय आहे, कारण ते एका अक्षरात किंवा पदकात येतं आणि ईमेलच्या तळाशी लावता येतं. मानांकनाची प्रश्नावली मीच भरते, म्हणून खात्रीने सांगते: तिथले बरेच गुण धोरणाची पीडीएफ जोडल्याचे असतात. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एमआयटीच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात सहा मानांकन संस्थांनी त्याच कंपन्यांना दिलेल्या गुणांची तुलना केली होती. सहसंबंध सरासरी ०.५४ निघाला, आणि मतभेदाचा ५६ टक्के भाग एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने मोजल्यामुळे होता. सप्टेंबर २०१५मध्ये फोक्सवॅगन डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात वाहन उद्योगात पहिली आली आणि त्याच महिन्यात तिच्या डिझेल गाड्यांची चाचणीतली लबाडी उघडी पडली. ऑक्टोबरमध्ये तिला त्या यादीतून काढलं. पैसे मोजकेच असतील तर मानांकन सोडा, पडताळणी घ्या. पडताळणी निदान एका आकड्याबद्दल बोलते आणि तो आकडा कुठून आला ते विचारते.

दुसऱ्या कंपनीचा अहवाल हातात पडला, तर मी हल्ली तो मागून वाचते. पडताळणीचं पत्र आधी. पहिला परिच्छेद सोडून द्यायचा, तो सगळीकडे सारखा असतो. कोणते निर्देशक तपासले, त्यांची यादी शोधायची. शंभर आकड्यांच्या अहवालात आठच तपासलेले असू शकतात आणि मुखपृष्ठावर शिक्का मात्र सगळ्या अहवालाचा वाटतो. मग किती ठिकाणांना प्रत्यक्ष भेट दिली आणि ती ठिकाणं कुणी निवडली ते बघायचं. हे पत्रात लिहिलेलंच नसेल तर तेही एक उत्तरच आहे. ‘वगळलेल्या बाबी’ नावाचा तुकडा असेल तर तो सावकाश वाचायचा. सर्वात शेवटी पत्र देणाऱ्या संस्थेने याच कंपनीला याच विषयावर सल्ला विकला आहे का ते तपासायचं. आमच्याकडे येणाऱ्या संस्थेच्या दुसऱ्या विभागाने ‘अहवालही आम्हीच लिहून देऊ’ असा प्रस्ताव पाठवला होता. जो लिहिणार त्यानेच तपासायचं असेल तर मला पगार कशाचा, एवढंच मी संचालकांना विचारलं आणि तो विषय मिटला. पैसे मात्र आम्हीच त्यांना देतो, नेमतोही आम्हीच. आर्थिक लेखापरीक्षणातलं हे जुनं दुखणं इथेही जसंच्या तसं आलं आहे.

सेवेच्या किरकोळ बाजू: माहिती मागवण्याचं त्यांचं पोर्टल कंटाळवाणं आहे, एकच बिल तीन ठिकाणी चढवावं लागतं. लोक सभ्य, प्रश्न नेमके, वेळापत्रक बहुतांशी पाळतात. शेवटी जे गोपनीय व्यवस्थापन पत्र देतात, त्यात सुधारणा कुठे हव्यात ते स्पष्ट लिहितात; छापील पत्रापेक्षा ते कितीतरी मोलाचं आहे आणि ते कुणीच छापत नाही.

ज्यांच्याकडे अजून भट्टीला वेगळा मीटर नाही, त्यांनी ही सेवा एवढ्यात घेऊ नये. आधी मीटर लावा, वर्षभर वही ठेवा. अंदाजावर उभ्या आकड्याची पडताळणी करून घेतलीत तर तो तपासलेला अंदाज होईल, बाकी काही नाही.

पुढच्या करारासाठी मी तीन बदल सुचवले आहेत. अपघात आणि कामाचे तास हे दोन निर्देशक रिझनेबल ॲश्युरन्सखाली घ्यायचे, आणि त्यासाठी ठेकेदारांची रजिस्टरं व प्रथमोपचाराची वही आपणहून द्यायची. भेटीची ठिकाणं संस्थेने निवडायची, आम्हाला आदल्या दिवशी कळवलं तरी चालेल. आणि कामगारांची नावं मस्टरवरून त्यांनी काढायची, मुलाखती कारखान्याच्या आवाराबाहेर घ्यायच्या, कंत्राटी कामगारांच्या त्यांच्या ठेकेदाराला न सांगता. संस्थेने तिन्ही बदलांना होकार दिला, फी वाढवून मागितली आणि ती रास्त आहे. पहिला बदल आमच्या व्यवस्थापनाने मान्य केला, दुसरा ‘तत्त्वतः’ मान्य केला, आणि तिसऱ्यावर मनुष्यबळ विभागाचं मत मागवलं आहे.